पवित्र शास्त्राच्या कव्हरमधली पावती

तापीकाठ (धागाकर्ता):

सगळ्यांना जय ख्रिस्त.

गेल्या महिन्यात सोसायटीच्या सचिवांनी बेबाकी दाखला हातात दिला आणि माझ्या अंगावरचं शेवटचं कर्ज उतरलं. चर्चच्या मंडळीत साक्ष दिली. पण साक्षीला पाच मिनिटं मिळतात. तेवढ्यात माणूस अडचण सांगतो आणि शेवट सांगतो, मधली चार वर्षं राहून जातात. ती लिहायची म्हणून हा धागा काढतोय. कुणी याच फेऱ्यात असेल तर त्याला उपयोग होवो.

मी चोपडा तालुक्यातला. चार एकर शेती, त्यात दोन एकर केळी, बाकी कापूस. २०२१ च्या उन्हाळ्याच्या शेवटी वादळ आलं तेव्हा बाग निसवलेली होती. तीन हजारांच्या आसपास खोडं, घड भरत आलेले. अर्ध्या तासात सगळं आडवं झालं. सकाळी बांधावर गेलो तर झोपलेल्या बागेच्या वरून पलीकडच्या शिवारातली निंबाची झाडं दिसत होती. एरवी ती कधी दिसत नव्हती. विमा होता. वाऱ्याचं नुकसान ७२ तासांच्या आत कळवावं लागतं, आणि मी चौथ्या दिवशी भानावर आलो. ज्यांची बाग आहे त्यांनी हे एवढं तरी लक्षात ठेवा. आधी कळवायचं, मग रडायचं.

पण खरं सांगायचं तर वादळानं मी बुडालो नाही. कर्ज त्याच्या आधीपासून होतं, आणि ते मी लपवलं होतं. बायकोला पीककर्ज आणि पिकअपचा हप्ता माहीत होता. गावातल्या एकाकडून शेकडा ३ नं घेतलेले दीड लाख माहीत नव्हते. आईच्या पाटल्या आणि बायकोची पोत तारण ठेवली होती, ती "बँकेच्या लॉकरमध्ये आहे" असं मी घरी सांगितलं होतं. तारणाची पावती ठेवायला घरात जागा सापडेना. शेवटी पवित्र शास्त्राच्या चेनवाल्या कव्हरला आतून जो खण असतो, त्यात ठेवली. माझं शास्त्र दुसरं कुणी उघडत नाही म्हणून.

पोळ्याच्या आठवड्यात आमच्याकडे घरसभा होती. पाळकसाहेबांचा चष्मा घरी राहिला होता. माझ्या शास्त्राची अक्षरं मोठी, म्हणून त्यांनी माझ्या मुलीला ते आणायला सांगितलं. ती सातवीत होती. तिनं चेन उघडली आणि पावती सतरंजीवर पडली. तिनं ती उचलली, उलटी केली आणि मोठ्यानं वाचायला लागली, "सोने तारण कर्ज, वजन..." आणि थांबली. बायको माझ्याकडे बघत होती. कुणी काही बोललं नाही. पाळकसाहेबांनी पावती मुलीच्या हातातून घेतली, घडी घालून माझ्या खिशात ठेवली आणि प्रार्थना सुरू केली.

सगळे गेल्यावर आई खाटेवरून एवढंच म्हणाली, "दपाडीसन कर्ज फिटस का रे आंडोर?" (लपवून कर्ज फिटतं का रे पोरा?)

त्या रात्री प्रभूची प्रार्थना म्हणायला बसलो आणि "आमची ऋणे आम्हांस सोड" इथं अडकलो. लहानपणापासून म्हणतोय. ऋण म्हणजे पाप, असं संडेस्कूलमध्ये शिकलो होतो आणि ते बरोबरच आहे. पण त्या रात्री मला तो शब्द जसा आहे तसाच ऐकू आला. ऋण. मग कळलं की मी दोन्हीकडून ऋणी आहे. पैशाचं ऋण वेगळं, आणि घरच्यांशी खोटं बोललो ते वेगळं. पैशाचं लगेच फिटणार नव्हतं. दुसरं त्याच रात्री सोडवता येत होतं. बायकोला उठवलं. ती झोपलेली नव्हतीच.

मुलीची दोनशे पानी वही घेतली. मी सांगत गेलो, ती लिहीत गेली:

पिकअपचं फायनान्स २,८५,०००. सोसायटीचं पीककर्ज १,६०,०००. गावातले हातउसने १,५०,०००. सोनं तारण ९०,०००. कृषी केंद्राची उधारी ६२,०००. तिचं स्वतःचं बायकांच्या गटाचं कर्ज ४०,०००.

बेरीज तिनं दोनदा केली. ७,८७,०००. मी दोन वर्षं मनात जो आकडा घेऊन फिरत होतो तो दहा लाखांच्या पुढचा होता. कारण मी कधी मांडलंच नव्हतं. कर्ज तेवढंच राहिलं, पण त्या रात्री मला झोप लागली.

पुढचं उद्या लिहितो. कापूस वेचायला माणसं आली आहेत.

नवापूरची_मावशी:

भाऊ, वाचताना डोळे भरून आले. तुमच्या मुलीला माझा आशीर्वाद. पुढचं नक्की लिहा.

कापूसवाला:

मी ख्रिस्ती नाही, माळकरी आहे. पण तुमचं वाचून राहवलं नाही. शेकडा ३ म्हणजे वर्षाला ३६ टक्के. त्या माणसाकडे परवाना होता का? महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ प्रमाणे परवान्याशिवाय व्याजानं पैसे देणं गुन्हा आहे. परवाना असला तरी शेतकऱ्याकडून तारणावर ९ आणि विनातारण १२ टक्क्यांच्या वर व्याज घेता येत नाही, आणि व्याज मुद्दलाच्या वर जाऊ शकत नाही. तालुक्याला सहाय्यक निबंधक, जिल्ह्याला जिल्हा उपनिबंधक, तिथं अर्ज करायचा. सावकारानं जमीन लिहून घेतली असेल तर ती परत मिळवून द्यायचा अधिकारही त्या कायद्यात आहे. आपल्याकडचे लोक अब्रूला भिऊन तिकडे जात नाहीत.

तापीकाठ (धागाकर्ता):

कापूसवाला दादा, माहिती अगदी बरोबर दिलीत. परवाना नव्हता. मी तक्रार केली नाही. आईला रात्री अकराला दवाखान्यात न्यायचं होतं तेव्हा याच माणसानं पैसे काढून दिले होते. मी त्याच्याकडे पाळकसाहेबांना आणि गावातल्या दोन वडीलधाऱ्यांना घेऊन गेलो आणि चौघांसमोर सांगितलं की मुद्दल पूर्ण देईन, आजपर्यंतचं व्याज दिलंय, इथून पुढे व्याज थांबवा. तो लगेच तयार झाला नाही. तिसऱ्या खेपेला झाला. पण ज्याची जमीन गेलीय किंवा ज्याला धमक्या येतात, त्यानं अर्जच करावा. तिथं गप्प बसणं म्हणजे क्षमा करणं नव्हे.

आता पुढचं.

पहिल्यांदा पिकअप विकली. मला ते फार जड गेलं. गाडीवर मागे वचन लिहून घेतलं होतं, आणि ती विकली तर लोक म्हणतील की याच्या देवानं याला सोडलं, असं वाटायचं. बायको म्हणाली, लोकांना म्हणू दे, हप्ता लोक भरत नाहीत. ३,४०,००० आले. फायनान्स बंद केलं, उरलेले ५५,००० त्या हातउसन्यात टाकले. त्या वर्षीचा कापूस आणि केळीची जी काही कटती (घडांची काढणी) झाली ती त्यातच गेली. सगळ्यात महाग व्याजाचं आधी, हा नियम आम्ही धरला होता.

पीककर्जात मी आधी मोठी चूक केली होती. माफी येईल या आशेवर नवं-जुनं, म्हणजे जुनं भरून नवं उचलणं, केलं नव्हतं. २०१९ च्या महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजनेत २ लाखांपर्यंतची थकबाकी माफ झाली, पण ती मार्च २०१९ पर्यंत घेतलेल्या कर्जाची. माझं त्यानंतरचं होतं. वेळेत भरणाऱ्याला पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत ३ लाखांपर्यंत शून्य टक्के पडतं, आणि मी वाट बघत व्याज वाढवत बसलो. सचिवांशी बोलून ते नियमित केलं.

आणि प्रार्थना. लोक विचारतात, प्रार्थनेनं काय झालं? मत्तयाच्या सहाव्या अध्यायात प्रभू सांगतो की उद्याची काळजी करू नका, ज्या दिवसाचं दुःख त्या दिवसाला पुरे. मी हे वचन आधी भिंतीवर लावलं होतं, जगलो नव्हतो. आता रोज सकाळी आम्ही दोघं वही उघडायचो, आज काय द्यायचंय आणि आज काय येणार आहे एवढंच बघायचो, त्यावर प्रार्थना करायचो आणि वही मिटायचो. दिवसभर पुन्हा उघडायची नाही. जी काळजी चोवीस तास चालायची, ती पंधरा मिनिटांत बसवली. रात्री दोनला जाग आली तर वही लांब आहे आणि देव जवळ आहे, असं मनाशी म्हणून कूस बदलायचो. हे जमायला सहा महिने लागले.

आकाशातून पैसे पडले नाहीत. मंडळीतल्या एका भावानं दोन हंगाम नांगरटी फुकट करून दिली. शेजारच्या शेतकऱ्यानं, तो आपल्या धर्माचा नाही, पाण्याची पाळी दिली. मी हे देवाच्या हातून आलेलं मानतो.

जुना_पाळक:

प्रभूची स्तुती असो. मी धुळ्याकडे पाळक होतो, आता निवृत्त आहे. या भावाच्या साक्षीत एक गोष्ट अशी आहे की तिच्यावर मी चाळीस वर्षांत पुरेसा उपदेश केला नाही, म्हणून इथं लिहितो.

२ राजे, अध्याय ४. एक विधवा अलीशा संदेष्ट्याकडे येते. नवरा संदेष्ट्यांच्या शिष्यांपैकी होता, देवाचं भय धरणारा होता, आणि कर्ज ठेवून मेला. हे पहिलंच वाक्य आपण घाईनं ओलांडतो. देवभीरू माणूससुद्धा कर्ज मागे ठेवून मरतो, असं शास्त्र स्वतः सांगतं. म्हणून कर्जात असलेल्या विश्वासणाऱ्याला "तुझा विश्वास कमी पडला" असं कुणी म्हणू नये. मी म्हटलेलं आहे. ज्यांना म्हटलं त्यांतले काही आता या जगात नाहीत. प्रभूनं मला क्षमा करावी.

सावकार तिच्या दोन मुलांना दास करून न्यायला आला होता. अलीशा तिला विचारतो, तुझ्यासाठी मी काय करू? घरात काय आहे ते सांग. ती म्हणते, तेलाच्या भांड्याशिवाय काही नाही. म्हणजे तिचीही वही उघडली गेली. मग तो म्हणतो, शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी माग, थोडीथोडकी नको. रिकामी भांडी मागायला दारोदार गेल्यावर गल्लीला कळणारच की हिच्या घरी काहीतरी चाललंय. तिचं संकट तिला झाकून ठेवता आलं नाही, आणि शेजाऱ्यांच्या भांड्यांशिवाय तेल साठलं नसतं. तेल वाढलं, भांडी संपली तेव्हा थांबलं. आणि शेवटी अलीशा काय सांगतो? तेल विक, कर्ज फेड, उरेल त्यावर तू आणि मुलं जगा. सावकार आंधळा झाला नाही, कर्जाचा कागद जळाला नाही. चमत्कार झाल्यावरही तिला बाजारात बसून तेल विकावं लागलं आणि ज्याचं त्याला द्यावं लागलं.

दुसरं, नहेम्या अध्याय ५. दुष्काळात लोकांनी धान्यासाठी शेतं, द्राक्षमळे, घरं गहाण टाकली. काहींनी राजाचा कर भरायला कर्ज काढलं. आणि ते व्याजानं देणारे त्यांचेच भाऊबंद होते. नहेम्या त्यांचा अधिपती होता. तो रागावला, त्यानं सभा भरवली आणि शेतं परत करायला लावली, घेतलेला शंभरावा भागही. शंभरावा भाग म्हणजे आपल्या भाषेत शेकडा १. त्यावर नहेम्या संतापतो. आपल्या गावांत शेकडा ३ आणि ५ चालतं आणि मंडळीत त्यावर कुणी बोलत नाही. कारण देणारा कधी कधी आपल्याच बाकावर बसलेला असतो.

शिरपूरकर_ताई:

पाळकसाहेब, नमस्कार. तुम्ही मोकळेपणानं लिहिलंत म्हणून मीही लिहिते. माझ्या मिस्टरांनी एका बाहेरून आलेल्या प्रचारकाच्या सभेत २५,००० दिले. "बीज पेरा, शंभरपट घ्या" असं सांगितलं होतं. ते पैसे आमचे नव्हते, माझ्या भावाकडून मुलाच्या फीसाठी आणलेले होते. शंभरपट सोडा, भावाचं आणि आमचं बोलणं तीन वर्षं बंद होतं. मी देवाला सोडलं नाही, पण सभांना जाणं सोडलं. दशमांश (कमाईचा दहावा हिस्सा देवाला) द्यायचा की आधी कर्ज फेडायचं, हे मला खरंच कुणीतरी सांगा.

एक_साधा_विश्वासी:

ताई, तुमचं दुःख समजतं. तरी माझा अनुभव वेगळा आहे. मी कर्जात असतानाही दशमांश थांबवला नाही आणि माझ्या मुलांना एक दिवस उपाशी झोपावं लागलं नाही. मलाखी ३:१० वर माझा विश्वास आहे. दशमांश आणा, मी आशीर्वादाचा वर्षाव करीन, असं देव तिथं म्हणतो.

जुना_पाळक:

दोघांनाही उत्तर देतो. भाऊ, तुमचा विश्वास मी तोडणार नाही. तुम्ही आपल्या कमाईतून दिलं. ताई, २ करिंथ ८:१२ वाचा. आपल्याजवळ जे आहे त्याप्रमाणे दिलेलं मान्य होतं, जे नाही त्याप्रमाणे नाही. दुसऱ्याचे पैसे अर्पणात टाकणं म्हणजे दान नव्हे. आईबापांना द्यायचं ते "देवाला अर्पण केलं" म्हणून सांगणाऱ्यांना प्रभूनं मार्काच्या सातव्या अध्यायात कडक शब्दांत बोल लावला आहे. भावाकडे जा, थोडे का होईना परत करायला सुरुवात करा. ते अर्पण मोठं आहे. आणि सभांना नका जाऊ, पण मंडळीत या.

तापीकाठ (धागाकर्ता):

आमच्यापुरतं सांगतो. कटतीचे पैसे आले की आम्ही आधी थोडं बाजूला काढायचो. दहावा हिस्सा नसायचा. कधी शंभर रुपये, कधी केळीचा एक घड. पण कर्ज काढून कधी दिलं नाही. पाळकसाहेबांनी कधी विचारलंही नाही.

भुसावळ_यार्ड:

रात्रीचे दीड वाजलेत. सगळा धागा वाचला. माझं वय २४. एका ठेकेदाराकडे कामाला आहे, पगार १४,०००. मोबाइलमधल्या पाच ॲपचं मिळून १,८०,००० झालंय. एकाचं फेडायला दुसरं घेत गेलो. आता ते माझ्या फोनमधल्या नंबरांवर फोन करतात. मामाला केला, आमच्या चर्चच्या गायनमंडळातल्या मुलीला केला. फोटोला काहीतरी जोडून पाठवतो म्हणतात. आईला काही माहीत नाही. वडील नाहीत. रविवारी चर्चला गेलो नाही. कधी कधी वाटतं हे सगळं एकदाच संपवून टाकावं. इथं का लिहितोय माहीत नाही.

नवापूरची_मावशी:

बाळा, तू लिहिलंस ते फार चांगलं केलंस. मी जागी आहे. आधी १४४१६ ला फोन लाव. टेलिमानस नावाची सरकारी सेवा आहे, रात्रीही उचलतात, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. आत्ता लाव आणि लावलास की इथं एक शब्द लिही. मी बसले आहे.

भुसावळ_यार्ड:

लावला. वीस मिनिटं बोललो. बरं वाटलं.

नवापूरची_मावशी:

देवाची दया. आता ऐक. मी आमच्या भागात बायकांच्या गटाचं काम बघते, वसुलीवाल्यांचे सगळे प्रकार पाहिलेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं कर्ज देणाऱ्या ॲपला तुझे कॉन्टॅक्ट, फोटो बघायचा हक्कच नाही. फोटोची धमकी देणं तर सरळ गुन्हा आहे. १९३० ही सायबर तक्रारीची हेल्पलाइन आहे. धमक्यांचे मेसेज पुसू नकोस, स्क्रीनशॉट ठेव. ॲपला दिलेल्या परवानग्या फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन बंद कर. पाचपैकी कोणतं ॲप खऱ्या बँकेचं किंवा नोंदणी असलेल्या वित्तसंस्थेचं आहे ते बघ. नोंदणी असलेल्याचं पद्धतशीर फेडायचं. वर्षातून एकदा सिबिलचा रिपोर्ट, म्हणजे आपल्या नावावरच्या कर्जांची नोंद, फुकट मिळतो, त्यात दिसेल.

गटाच्या कर्जालाही नियम आहेत, बायांनी लक्षात ठेवा. ज्या घराचं वर्षाचं उत्पन्न ३ लाखांपर्यंत आहे, त्या घरावरचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नये. वसुलीचा फोन सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर करता येत नाही. आमच्याकडे एका बाईच्या चुलीपाशी येऊन बसायचे, हप्ता दे मगच उठतो म्हणायचे. मी त्यांना पवित्र शास्त्रातलं अनुवाद २४ वाचून दाखवलं. तिथं लिहिलंय की गहाण घ्यायला ऋणकोच्या घरात शिरू नको, बाहेर उभा राहा, तो स्वतः आणून देईल. त्याच अध्यायात जातं गहाण ठेवून घेऊ नका असंही आहे, कारण ते माणसाचं पोट आहे. गरिबाचं दार त्याचं आहे, ही गोष्ट देवानं मोशेच्या काळात सांगितली. मग रिझर्व्ह बँकेचा कागदही दाखवला. ते उठले.

कापूसवाला:

भाऊ भुसावळ, तू माझ्या मुलाच्या वयाचा आहेस. एक लाख ऐंशी हजार म्हणजे तुझा तेरा महिन्यांचा पगार. जड आहे, पण हे फिटणारं कर्ज आहे. आईला सांग.

तापीकाठ (धागाकर्ता):

भावा, मी तुला उपदेश करत नाही. फक्त त्या पावतीबद्दल अजून एक सांगतो. ती सतरंजीवर पडली तेव्हा मला वाटलं की आता मी संपलो. माझी मुलगी आता दहावी झाली. परवा मी तिला विचारलं, तुला त्या दिवशी काय वाटलं होतं? ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही आजारी आहात असं मला कितीतरी महिने वाटत होतं. पैशाचं आहे कळल्यावर बरं वाटलं." आपण ज्यांच्यापासून लपवतो त्यांना काहीतरी कळलेलं असतंच, आणि ते खऱ्याहून वाईट कल्पना करत बसलेले असतात. तुझी आई आत्ता काय समजून बसली असेल याचा विचार कर.

भुसावळ_यार्ड:

काल रात्री आईला सांगितलं. ती आधी गप्प बसली. मग उठून तिनं पोळ्या केल्या, रात्री साडेदहाला, आणि मी जेवेपर्यंत समोर बसून राहिली. म्हणाली, मला वाटलं तू दारू प्यायला लागलास. आज आम्ही दोघं पोलीस स्टेशनला जाऊन तक्रार देऊन आलो. पाचपैकी दोनच ॲप नोंदणीची निघाली, त्यांचं मिळून ७४,००० आहे. आई म्हणते रविवारी चर्चला जायचं. त्या मुलीला आणि बाकी सगळ्यांना फोन गेलेत, कसं जायचं कळत नाही.

जुना_पाळक:

बाळा, मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी भुसावळला मुलीकडे असतो. हा पहिलाच रविवार आहे. तुझं चर्च कोणतं ते मला खासगी निरोपात कळव. मी दाराशी उभा असेन, आपण तिघं बरोबर आत जाऊ. उपासना झाली की तुझ्या घरी बसू. एक कोरी वही आणून ठेव.